थेंबभर सैल

माझ्या नाकावर राग असतो, हे भिलाईत मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मी अठ्ठावीस वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करते आहे. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांचे हात म्हणजे हे सिलिंडर. तेलाच्या जोरावर त्यांचा दांडा आत-बाहेर होतो आणि टनावारी लोखंड उचलतो, ढकलतो, वाकवतो. दांडा जिथून बाहेर येतो तिथं तेल गळू नये म्हणून एक रिंग असते, तिला सील म्हणतात. माझं काम त्या सीलचं. आणि मी बसवलेलं सील गळत नाही. एक थेंब नाही. शेडमधल्या कुणाच्या हातून थेंब गळाला तर मी त्याचं काय करते ते त्यालाच विचारा, मी सांगणार नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहते आणि डोंगरावरच्या सायकलच्या शर्यतींत उतरते. साधी सायकल नाही ती. जाड टायर, पुढं स्प्रिंगसारखा दबणारा फोर्क, आणि सीटच्या खाली, फ्रेमच्या पोटात, एक शॉक, म्हणजे धक्के झेलणारी नळी. मागचं चाक एका जोडलेल्या हातावर बसलेलं असतं. चाक दगडावर चढलं की तो हात वर येतो आणि शॉक दाबतो. दगड गेला की शॉक चाकाला पुन्हा खाली ढकलतो. म्हणजे पोरगी वर शांत बसलेली आणि खाली चाक आपलं जमिनीचा प्रत्येक खड्डा चाचपत चाललेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, एवढ्या पोरीसाठी एवढा सरंजाम!

पण पोरगी भारी निघाली. आदल्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीत ती तिसरी आली. राष्ट्रीय स्पर्धेला पहिल्या दोघी जातात. एका नंबरानं राहिली बिचारी. महिनाभर घरात कुणाशी धड बोलली नाही. यंदा ज्युनिअरमध्ये तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी मोठ्या बायांमध्ये उतरावं लागणार, तिथं पाचपाच वर्षं मुरलेल्या पोरी. ती मला म्हणाली होती, ‘मावशी, यंदा नाही तर मग नाहीच.’

आणि चाचणीला एकोणीस दिवस राहिले असताना तिचा शॉक गळायला लागला.

त्या रविवारी मी सेक्टर दहाला जेवायला गेले होते. बहिणीनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या होत्या. पोरगी ताटावर बसायला तयार नाही. शॉक सायकलवरून काढून एका खोक्यात भरत होती. कंपनीच्या माणसाशी तिचं बोलणं झालं होतं. त्यानं सांगितलं, पाठवून द्या, सहा आठवडे लागतील.

‘सहा आठवडे? अन् चाचणी?’ मी विचारलं.

‘मैत्रिणीची सायकल घेते. तिच्या मागं शॉक नाही, पण क्या करूँ, मावशी?’

‘मग इथंच कावून नाही खोलत? सिलिंडरच तर हाये तो. बोटाएवढा.’

‘नाही ना! कंपनीशिवाय कुणी खोलला तर वॉरंटी खतम. त्याच्यावर लिहिलं हाये. तू फक्त उद्या हा खोका कुरिअरमध्ये टाक. दुर्ग स्टेशनाजवळ, तुझ्या रस्त्यातच तर हाये.’

हौ म्हटलं आणि खोका घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरिअरवाल्याच्या दारात उभी होते, हे खरं आहे. पावती करायची म्हणून त्यानं खोका उघडून आत काय आहे ते दाखवायला सांगितलं. मी शॉक बाहेर काढला. त्याच्यावर एक लाल स्टिकर होता. ‘उघडू नका. आत वापरणाऱ्याच्या कामाचं काही नाही.’ इंग्रजीत होतं, पण एवढं इंग्रजी मला येतं. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या कामाचं नाही? अरे, दांडा, सील, तेल, हवा! अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय केलं? मी खोका काखेत मारला आणि थेट हथखोजला गेले. चहासुद्धा न पिता शॉक व्हाइसच्या जबड्यात आवळून धरला आणि खोलला.

चूक होती. आज कबूल करते. वस्तू तिची, विश्वास तिचा, आणि मी तिला एक फोनसुद्धा केला नाही.

पण आत काय होतं म्हणून सांगू! मी हातातलं काम सोडून तिथंच बसून राहिले. स्प्रिंग नव्हतीच. एका बाजूला नुसती कोंडलेली हवा, तीच स्प्रिंग. दुसऱ्या बाजूला तेल, आणि तेलाच्या वाटेत कागदाएवढ्या पातळ पोलादी चकत्यांची चळत. दांडा हळू सरकला तर चकत्या बंदच राहायच्या, तेल बारीक भोकातून जायचं. दगडाचा फटका बसला की त्याच चकत्या वाकून मोठी वाट करून द्यायच्या. कुठल्या चकतीवर कुठली ठेवायची, यावर सायकलचा सगळा स्वभाव ठरतो. तेलाच्या मागं एक छोटा पिस्टन, आणि त्याच्या मागं नायट्रोजन भरलेला. तोच नायट्रोजन आम्ही मोठ्या सिलिंडरांच्या टाक्यांत भरतो, बाटला माझ्या पाठीमागंच उभा होता. रोलिंग मिलमध्ये जे यंत्र क्रेननं उचलावं लागतं, ते अख्खं इथं माझ्या तळहातावर. ज्यानं कुणी हे आखलं त्याला मनातल्या मनात सलाम केला. स्टिकर मात्र त्यानं लावायला नको होता.

दुपारी मी पोरीला फोन केला. सांगितलं.

‘तू खोललं?’ ती म्हणाली.

‘हौ. सील फाटलं होतं. मी बनवून देते नं.’

‘मावशी, मी तुले फक्त कुरिअर करायले सांगितलं होतं.’

फोन ठेवला तिनं. दोन दिवस उचललाही नाही. बहिणीनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी स्वतः स्कूटीवर शेडमध्ये आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘आता खोललंच हाये तर बनव. पण मावशी, बिघडलं नं, तर मी तुझ्याशी जिंदगीभर बोलणार नाही.’ ती गंमत करत नव्हती. मलाही गंमत वाटली नाही.

त्या मापाचं सील बाजारात मिळत नाही. म्हणून मी पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकच्या, गोळ्यातून लेथवर ते कातून काढलं. आता आमच्या कामाची एक रीत आहे. पोलादाच्या प्लांटात धूळ, उष्णता, दाब, सगळं उरावर असतं. म्हणून सील नेहमी मापापेक्षा जरा घट्ट कातायचं, केसभर जास्तच. गळण्यापेक्षा घट्ट बरं. माझा हात त्याच रीतीनं चालला. पातळ तेल भरलं, नायट्रोजन भरला, दांडा शंभर वेळा दाबला आणि पांढऱ्या कापडानं पुसला. कापड कोरं. मी ते कापड शेडमधल्या सगळ्यांना दाखवत फिरले. माझी फुशारकी तेव्हा पाहायला हवी होती.

पोरीनं शॉक लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुमाच्या उतारांवर सायकल चालवून पाहिली. तासाभरात घरी परतली ती कोपर सोलून.

मी धावत सेक्टर दहाला गेले. ती खाटेवर बसली होती, बहीण हळद लावत होती.

‘काय झालं?’

‘जकडून राहिलं, मावशी. मोठ्या दगडावर ठीक हाये. पण छोटे छोटे पत्थर आले की मागचं चाक उडते. चिपकतच नाही जमिनीले. मोडावर घसरली मी.’

‘एक थेंब गळत नाही त्याच्यातून!’

‘मी कुठं म्हणते गळून राहिलं? मी म्हणते चालत नाही.’

‘तुले चालवता नसंल येत,’ मी म्हणाले. खरंच म्हणाले. सोललेल्या कोपराकडे पाहत म्हणाले. पोरगी उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बहिणीनं हळदीची वाटी इतक्या जोरात खाली ठेवली की मी चपला घातल्या.

रस्त्यानं सगळा वेळ मी तिच्यावरच चिडलेली होते. मग कंपनीवर. मग कुणावर चिडावं ते सुचेना. संध्याकाळी परत गेले, दारातूनच म्हटलं, ‘चाल, मले दाखव.’ ती उठली. तेवढ्यावर आमचा समेट झाला, आमच्या घरात माफी अशीच मागतात.

मी उताराच्या खाली बसले आणि ती वरून आली. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कळलं. मोठ्या दगडावर शॉक दबत होता. पण बारीक खडीवर दांडा जागचा हलत नव्हता, आणि न हललेल्या दांड्यामुळं सगळं चाकच हवेत उडत होतं. दांड्यावर एक रबरी रिंग असते, शॉक किती दबला ते दाखवते. खडीचा अख्खा पट्टा पार करूनही ती जिथल्या तिथं होती. पोरगी बरोबर होती.

बहिणीच्या घरचा वजनकाटा, ज्यावर उभं राहून वजन पाहतात तो, मी उचलून शेडमध्ये नेला. शॉकमधली हवा सोडली. मोकळा दांडा आता बोटानं सरकायला हवा. शॉक काट्यावर उभा धरला आणि वरून हळूहळू दाबायला लागले. काटा चढत गेला, चढत गेला, दांडा हलेना. मग एकदम खटकन सरकला. म्हणजे माझं सील दांड्याला आवळून धरत होतं. सिलिंडर टनावारी जोरानं ढकलतो, त्याला एवढ्या आवळण्याचं काहीच वाटत नाही. इथं एका बारीक खड्यानं दांडा हलायला हवा होता. आणि घट्ट सील दांडा इतका कोरडा पुसून काढत होतं की पुढच्या सरकण्याला तेलच उरत नव्हतं. ज्या कोऱ्या कापडाचा मी गावभर डंका पिटला, तोच रोग होता.

उपाय मला लगेच कळला, पण करवेना. सील केसभर सैल कातायचं, दांड्यावर तेलाची पुसट ओल राहू द्यायची. म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून, माझ्या हातानं, थोडंसं गळू द्यायचं! मी तीन सील कातली आणि तिन्ही घट्ट निघाली. हात ऐकेना. चौथ्या वेळी मी मापाचा आकडा खडूनं लेथच्या अंगावर मोठ्ठा लिहिला आणि स्वतःलाच मोठ्यानं म्हटलं, ‘बाई, आज तुझी अक्कल नको, फक्त आकडा पाह्य.’ शेजारचा फिटर घाबरून दूर सरकला. चौथं सील निसरड्या टेफ्लॉनचं कातलं, त्याच्या मागं एक मऊ रबरी रिंग दिली आणि बाहेरच्या बाजूला तेलात भिजवलेला फोमचा तुकडा बसवला. काट्यावर धरलं. काटा हलला न हलला तोच दांडा लोण्यासारखा खाली.

दांड्यावर ओल आली. सवयीनं मी पुसली. परत दाबलं, परत आली. परत पुसली. किती वेळा पुसली असेल देव जाणे. शेवटी कापड दूर भिरकावलं आणि हात पाठीमागं बांधून बसले.

पोरीनं त्याच उतारावर सायकल घातली. खाली येऊन ब्रेक मारला आणि परत वर गेली. परत खाली आली. परत वर. पाचव्या वेळी मीच ओरडले, ‘अवो, सांगशील का काही?’ ती म्हणाली, ‘थांब नं, मले मजा येऊन राहिली!’ जीव भांड्यात पडला. चाचणीला चार दिवस होते.

चाचणी लोहखाणीकडच्या टेकड्यांवर होती. लाल माती, साल-सागाची झाडं, आणि उताराचा एक लांब पट्टा नुसत्या सुट्या दगडांचा. आम्ही पहाटेच निघालो होतो. मुली रांगेत उभ्या, आणि एक तपासणी करणारे साहेब एकेक सायकल बघत येत होते. ब्रेक दाबायचे, चाक हलवायचे, पुढं जायचे. आमच्या सायकलीपाशी वाकले, शॉकच्या दांड्यावर बोट फिरवलं आणि बोट वर करून मला दाखवलं. तेल.

‘मैडम, ये तो लीक कर रहा है. बीच रास्ते में बैठ गया तो लड़की गिरेगी. मैं नहीं जाने दूँगा.’

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी? लीक हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर फेकला. आज तो माझ्या तोंडावर होता, आणि साहेब चुकीचंही बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, वर दोन शिव्या जास्त दिल्या असत्या. आजूबाजूच्या पोरी, त्यांचे आईबाप, सगळे आमच्याकडं बघायला लागले.

‘साहब,’ मी म्हटलं, ‘रुमाल है?’

त्यांनी दिला. मी दांडा कोरडा पुसला. ‘अब बैठिए सायकल पर.’

‘मैं?’

‘हौ, आप. वजन आपका ज़्यादा है, अच्छा ही है. बैठिए और उछलिए.’

कुणीतरी हसलं. साहेब चिडले, पण बसले. मी मोठ्यानं मोजायला लागले. तीस वेळा त्यांना उसळायला लावलं. मग दांडा दाखवला. ओल होती, पेन्सिलच्या रेघेएवढी. ‘देख लिया? अब और तीस.’ आता ते हसत नव्हते. नीट बघत होते. आणखी तीस झाले. रेघ तेवढीच.

‘साहब, लीक बढ़ता है. ये बढ़ता नहीं. जितना दांडे को लगता है उतना ही तेल लेता है. अठ्ठाईस साल से सील बिठा रही हूँ मैं. ये मैंने जान-बूझकर रखा है.’ माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला नाही. ‘इस लड़की को आपने रोका ना, तो मैं यहीं रास्ते पर आडवी पड़ूँगी.’

साहेबांनी रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग दांड्याला कान लावून शॉक दोनदा दाबला. तिथंच मला कळलं की हा माणूस यंत्र ओळखणारा आहे. ‘आवाज़ साफ़ है,’ ते म्हणाले, आणि हातातल्या यादीवर बरोबरची खूण केली.

तीन फेऱ्यांची शर्यत. मी दगडांच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला जाऊन उभी राहिले, कारण हरायचं-जिंकायचं ते तिथंच होतं. पहिल्या फेरीत ती पाचवी आली. दुसऱ्या फेरीत तिसरी. तिसरी म्हणजे परत गेल्या वर्षीसारखं घरी. मी घसा फाडून ओरडत होते, काय ओरडत होते ते मलाच माहीत नाही.

तिसऱ्या फेरीला वरच्या वळणावर तिघी जवळजवळ एकदमच दिसल्या. पुढच्या दोघींनी दगडांना वळसा घालून बाहेरची बरी वाट धरली. आमची पोरगी आत घुसली. सरळ बारीक दगडांच्या मधून, जिथून कुणीच जात नव्हतं. माझे डोळे तिच्या तोंडाकडं नव्हतेच, मागच्या चाकाकडं होते. खडखडखडखड आवाज येतोय, दांडा शिलाईच्या सुईसारखा वर-खाली, आणि चाक जमीन सोडत नाही! एकदाही नाही! ब्रेक न मारता ती दोघींना मागं टाकून खाली आली, माझ्या अंगावर लाल धूळ उडवत पुढं गेली. मी टाळ्या वाजवायच्या विसरले. आयुष्यात कुठलंही यंत्र असं चालताना मी पाहिलं नव्हतं, आणि ते माझं होतं.

ती पहिली आली. पहिली! सायकल टाकून तिनं माझ्या गळ्यात उडी मारली, आम्ही दोघी मातीत पडलो, आणि पडल्या पडल्या मी बहिणीला फोन लावला. तिला काहीच ऐकू गेलं नाही, फक्त आमचं ओरडणं गेलं. तेवढ्यावरून ती समजली.

मग निवडलेल्या दोघींना बोलावून राष्ट्रीय स्पर्धेचे फॉर्म दिले. पोरगी गुडघ्यावर कागद ठेवून भरत होती. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. वय, जिल्हा, सायकलचा प्रकार. खाली एक रकाना होता, खेळाडूबरोबर जाणारा मेकॅनिक. तिनं डोकं वर न करता तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं. आमच्या शेडमधून सिलिंडर जातो तेव्हा त्याच्यावर शेडचा शिक्का असतो आणि मालकाची सही असते. माझ्या हाताच्या कामापुढं माझं नाव कुणी लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तो कागद तिच्या हातून ओढून घेतला, दोनदा वाचला आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

तपासणीचे साहेबच फॉर्म गोळा करत होते. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं. ‘तो मैडम, आप जाएँगी ना टीम के साथ?’

‘जाईन का म्हणजे काय? निघालीच समजा मी!’ मी रडत रडत मराठीतच ओरडले.

साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी शिक्का मारला.